‘पुंज’ हे विशेषण आणि ग्रॅफीनची पोकळी : एका समासाचा विग्रह

१

विज्ञानविषयक निबंधांची शीर्षके गेल्या काही दशकांत लांबत गेली आहेत. ‘ग्रॅफीनाधिष्ठित प्रकाशयांत्रिक पोकळीतील प्रकाशविवर्तन व पुंजप्रकाशीय परिणाम’ या धाटणीचे शीर्षक आज भौतिकीच्या अभ्यासकास अपरिचित वाटणार नाही. इंग्रजीत अशी शीर्षके नामामागे नाम रचून तयार होतात. त्या नामांचा परस्परसंबंध कोणत्याही प्रत्ययाने वा अव्ययाने व्यक्त होत नाही. मराठीत ती उतरविताना भाषांतरकार समासाचा आश्रय घेतो आणि संबंध अव्यक्त ठेवण्याची सोय त्यालाही आपोआप लाभते. जाणकाराला हा संबंध ठाऊक असतो. विद्यार्थ्याला तो गृहीत धरावा लागतो, आणि गृहीत धरताना तो बहुधा शक्य त्या अर्थांपैकी सर्वांत मोठा दावा गृहीत धरतो.

या अव्यक्ततेवरचा उपाय भारतीय व्याकरणपरंपरेने फार पूर्वीच सांगून ठेवला आहे. तो म्हणजे विग्रह. समासात लोपलेली विभक्ती पुन्हा उच्चारली की पदांचा संबंध उघडा होतो आणि तो खरा की केवळ मानलेला, हे तपासता येते. उपरिनिर्दिष्ट शीर्षकाचा असा पदशः विग्रह केला तर त्यातील काही दुवे प्रयोगसिद्ध आहेत, काही रूढीने आलेले आहेत, आणि ‘पुंज’ या पदाने जोडलेला दुवा, निदान येथे विचारात घेतलेल्या ग्रॅफीनवरील प्रयोगांपुरता, अपेक्षेच्या स्वरूपाचा आहे, असे दिसून येते. हे कसे, याचे विवेचन पुढे केले आहे.

२

प्रारंभ ‘ग्रॅफीन’ या पदापासून करणे सोयीचे आहे. ग्रॅफाइट हे नाव जर्मन खनिजशास्त्रज्ञ अब्राहम व्हेर्नर यांनी १७८९ मध्ये ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून बनविले. पेन्सिलीतील द्रव्याचे ते यथार्थ वर्णन होते. १९८६ मध्ये बोएम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या एका सुट्या थराला ‘ग्रॅफीन’ हे नाव सुचविले. त्यातील अंत्य प्रत्यय वलययुक्त हायड्रोकार्बनांच्या नावांतून आलेला आहे. म्हणजे नाव आधी सिद्ध झाले. तो थर सुटा करून त्याचे विद्युत्‌गुणधर्म मोजण्याचे मँचेस्टर येथील गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांचे कार्य २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शब्दांचे रूढ, यौगिक आणि योगरूढ हे शास्त्रीय वर्गीकरण येथे उपयोगी पडते. ज्याचा अर्थ घटकांवरून कळतो तो यौगिक. ज्याचा घटकांशी संबंध उरलेला नाही तो रूढ. आणि ‘पंकज’ या शब्दाप्रमाणे ज्याचे घटक अर्थ सुचवितात पण प्रयोग एकाच वस्तूपुरता मर्यादित असतो तो योगरूढ. ‘ग्रॅफीन’ हा शब्द आज सर्वस्वी रूढ आहे. त्याने कोणी लिहीत नाही म्हणून कोणाची दिशाभूल होत नाही. नामाचे काम वस्तूकडे बोट दाखविण्याचे असते. बोट योग्य वस्तूकडे वळले की ते काम पूर्ण होते. विशेषणाची गोष्ट वेगळी आहे. विशेषण वस्तूविषयी काही सांगते, म्हणून ते खरे की खोटे असा प्रश्न त्याच्याबाबत विचारता येतो. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

वस्तू म्हणून ग्रॅफीनचे जे गुण येथे प्रस्तुत आहेत ते थोडक्यात असे. त्याची जाडी सुमारे ०.३३५ नॅनोमीटर आहे. एक चौरस मीटर पत्र्याचे वस्तुमान एक मिलिग्रॅमहूनही कमी, सुमारे ०.७६ मिलिग्रॅम भरते. त्यामुळे चार मायक्रोमीटर व्यासाच्या गोल पटलाचे वस्तुमान एका ग्रॅमच्या शंभर लक्ष कोटीव्या भागाइतके असते. इतके हलके आणि तरीही इतके ताठ पटल अत्यल्प बलानेही स्पंदन पावते. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात २००७ मध्ये अशी ग्रॅफीनची स्पंदके प्रथम सिद्ध झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २०१० मध्ये अशाच स्पंदकांच्या साहाय्याने ग्रॅफीनचा प्रसरणांक मोजण्यात आला. ३० ते ३०० केल्व्हिन या तापमानकक्षेत तो ऋण असल्याचे, म्हणजे तापविले असता ग्रॅफीन आखडत असल्याचे आढळले. सारांश, समासातील ‘ग्रॅफीन’ आणि ‘यांत्रिक’ या दोन पदांचा संबंध भक्कम पायावर उभा आहे.

३

आता ‘प्रकाशयांत्रिक पोकळी’. दोन आरसे समोरासमोर ठेवले आणि त्यांच्यामध्ये प्रकाश कोंडला म्हणजे विशिष्ट तरंगलांबीचाच प्रकाश तेथे अनुस्पंदन पावतो. हे आरशांतील अंतरावर अवलंबून असते. आरशांपैकी एक हलता असेल, किंवा त्यांच्या मधोमध एखादे हलते पटल असेल, तर प्रकाश त्या पटलाला ढकलतो. पटल सरकल्याने पोकळीचे अनुस्पंदन बदलते. त्यामुळे आतील प्रकाशाची तीव्रता बदलते. आणि तीव्रता बदलल्याने ढकलणारे बलही बदलते. प्रकाशाच्या या दाबाची कल्पना केप्लरने १६१९ मध्ये धूमकेतूंच्या पुच्छाच्या दिशेवरून केली होती. मॅक्सवेलने १८७३ मध्ये तिला गणिती रूप दिले. रशियात लेबेदेव्ह आणि अमेरिकेत निकोल्स व हल यांनी १९०१ च्या सुमारास हा दाब प्रत्यक्ष मोजला.

‘प्रकाशयांत्रिक’ या पदाचा विग्रह कसा करावा? ‘प्रकाशाने हालणारे यंत्र’ असा तृतीया तत्पुरुष सहज सुचतो. पण त्याने विषयाचे मर्म निसटते, कारण येथे यंत्रही प्रकाशाला बदलीत असते. ‘प्रकाश आणि यंत्र, परस्परांशी बद्ध’ असा द्वंद्वसदृश विग्रहच या शास्त्राच्या स्वरूपाशी जुळतो. हा केवळ वैयाकरणी कीस नव्हे. कॉर्नेल येथे २०१२ मध्ये ग्रॅफीनच्या पटलाचे स्पंदन लेसरच्या योगाने मंद करण्यात, तसेच ते आपोआप चालू ठेवण्यात यश आले. परंतु त्या प्रयोगात कार्यकारी असलेले बल प्रकाशाच्या दाबाचे नव्हते. प्रकाश शोषला गेल्याने उत्पन्न होणाऱ्या उष्णतेचा, आणि त्या उष्णतेमुळे पटलाच्या ताणात किंचित विलंबाने होणाऱ्या बदलाचा तो परिणाम होता. निबंधकारांनी आपल्या शीर्षकातच हे स्पष्ट केले आहे. मात्र पुढे इतरांच्या सारांशलेखनात ‘प्रकाशयांत्रिक शीतन’ एवढेच पद उरते आणि उष्णतेचा मधला दुवा लोपतो.

मराठीत या ठिकाणी आणखी एक सूक्ष्म अडचण उद्भवते. ‘प्रकाशाने पटल निवले’ आणि ‘प्रकाशाने पटल निववले’ या दोन वाक्यांत ‘प्रकाशाने’ हे रूप तेच आहे. पहिल्यात ते करण किंवा हेतू दाखविते, दुसऱ्यात कर्ता. तृतीयेचा ‘ने’ दोन्ही कामे करीत असल्याने भेद क्रियापदावर येऊन पडतो. भाषांतरकाराने विचार न करता प्रयोजक रूप वापरले तर प्रकाशाला कर्तृत्व बहाल केले जाते, मग प्रत्यक्षात मध्ये उष्णता असो वा दाब. शिवाय ‘निवले’ ते काय? शीतन झाले ते पटलाच्या एका विशिष्ट स्पंदनाचे. पटलाचे द्रव्य त्याच वेळी प्रकाश शोषून तापतही असू शकते. ‘पटलाचे एक स्पंदन मंदावले’ हे वाक्य कमी आकर्षक असले तरी घडलेली गोष्ट ते अधिक नेमकेपणाने सांगते.

‘प्रकाश’ या पदाचीही अशीच परीक्षा व्हावयास हवी. ग्रॅफीनचा एक थर दृश्य प्रकाशाचा सुमारे २.३ टक्के भाग शोषतो, हे २००८ मध्ये मापनाने सिद्ध झाले. हा आकडा सूक्ष्मरचना स्थिरांकाच्या म्हणजे सुमारे १/१३७ च्या π पट आहे. खिडकीच्या दृष्टीने २.३ टक्के म्हणजे नगण्य; पोकळीच्या दृष्टीने मात्र ते फार होतात. प्रकाश एका फेरीत दोनदा पटलातून जातो, म्हणून फेरीमागे ऱ्हास सुमारे ४.६ टक्के होतो. पोकळीची तीक्ष्णता, म्हणजे स्थूलमानाने प्रकाश नाहीसा होण्यापूर्वी किती फेऱ्या करू शकतो याचे माप, २π ला या ऱ्हासाने भागले असता मिळते. ती सुमारे १३७ येते. आरसे कितीही निर्दोष असले तरी याहून फारसे हाती लागत नाही. पटल स्थिर तरंगाच्या प्रस्पंदावर असेल तर हा आकडा निम्म्यावर, सुमारे ६८ वर येतो. निस्पंदावर शोषण जवळजवळ नाहीसे होते, पण तेथे पटलाच्या अल्प हालचालीला पोकळीचा प्रथम क्रमाचा प्रतिसादही नाहीसा होतो. याउलट येल विद्यापीठात २००८ मध्ये ५० नॅनोमीटर जाडीचे सिलिकॉन नायट्राइडचे पटल पोकळीच्या मध्यभागी ठेवले असता तीक्ष्णता हजारोंच्या घरात राहिली होती.

या अडचणीमुळे ग्रॅफीनवरील महत्त्वाचे प्रयोग दृश्य प्रकाश सोडून अतिसंवाहक धातूच्या सूक्ष्मतरंग पोकळ्यांकडे वळले. २०१४ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट, स्पेनमधील बार्सिलोनाजवळची प्रकाशविज्ञान संस्था आणि फिनलंडमधील आल्टो विद्यापीठ अशा तिन्ही ठिकाणांहून असे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत आरसे नाहीत, किरणशलाका नाही, डोळ्याला दिसणारा प्रकाशही नाही. ग्रॅफीनचे पटल तेथे धारित्राची एक पट्टी म्हणून काम करते. तरीही विषयाचे नाव ‘प्रकाशयांत्रिकी’च राहिले. गणित तेच असल्यामुळे याला हरकत घेण्याचे कारण नाही. येथे ‘प्रकाश’ हे पद रूढ झाले आहे, एवढेच विद्यार्थ्याने लक्षात ठेवावयाचे.

४

‘विवर्तन’ या पदाचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. बोलोन्या येथील ग्रिमाल्डीने या घटनेला दिलेले लॅटिन नाव ‘तुकडे तुकडे होऊन फुटणे’ या अर्थाच्या धातूपासून आले. त्याचा ग्रंथ १६६५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाला. न्यूटनने १७०४ च्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात त्याच घटनेला ‘आत वाकणे’ या अर्थाचा शब्द वापरला. जर्मन शब्दही वाकण्याचाच आहे. एकच घटना एका नावात फुटते आणि दुसऱ्या नावात वाकते. फुटणे म्हणणाऱ्याला प्रकाश प्रवाहासारखा दिसत होता, वाकणे म्हणणाऱ्याला तो कणांचा मार्ग वाटत होता. फ्रेनेलने १८१८ मध्ये तरंगांच्या आधारे समाधानकारक उपपत्ती दिली तेव्हा दोन्ही अर्थ मागे पडले आणि शब्द तेवढे उरले.

मराठीने स्वीकारलेला ‘विवर्तन’ हा शब्द वि-उपसर्गपूर्वक ‘वृत्’ धातूपासून, म्हणजे वळण्याच्या अर्थापासून आलेला आहे. तो न्यूटनच्या बाजूला पडतो. अद्वैत वेदान्तातील ‘विवर्त’, म्हणजे मूळ वस्तू न बदलता तिचा अन्यथा भास होणे, आणि त्याच्या उलट सांख्यांचा ‘परिणाम’, म्हणजे दुधाचे दही होण्यासारखे वास्तव रूपांतर, ही जोडी अभ्यासकाला येथे आठवल्याशिवाय राहत नाही. ‘विवर्तनाचा परिणाम’ हा शब्दप्रयोग तर दार्शनिकाला हसू आणणारा आहे. पण या साम्यावर उपपत्ती उभारण्याचा मोह टाळला पाहिजे. भौतिकीतील विवर्तन हा भास नव्हे; पडद्यावरचे पट्टे मोजता येतात. धातू एक असला तरी शास्त्रे दोन आहेत.

आता विग्रह असा : ‘पोकळीतील प्रकाशाचे विवर्तन’. हे येथे कोणते काम करते? दृश्य प्रकाशाच्या प्रयोगांत ते मर्यादेचे काम करते. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश भिंगाने एकत्र आणला तरी तरंगलांबीच्या सुमारे अर्ध्याहून लहान ठिपका मिळत नाही. पटल काही मायक्रोमीटरचेच असल्याने प्रकाशशलाका त्याच्या कडेपलीकडे सांडणार नाही ही काळजी घ्यावी लागते. सूक्ष्मतरंगांच्या प्रयोगांत हा प्रश्नच संभवत नाही. पाच गिगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगांची मोकळ्या अवकाशातील लांबी सहा सेंटिमीटर असते, म्हणजे पटलाच्या दहा हजारांहून अधिक पट. तेथे शलाका नाही, ठिपका नाही, म्हणून त्या अर्थाने विवर्तनही नाही. म्हणजे शीर्षकात ‘प्रकाशविवर्तन’ आणि ‘पुंजपरिणाम’ ही पदे शेजारी बसली तरी ग्रॅफीनच्या प्रत्यक्ष प्रयोगांत ती बहुधा एकाच साधनात नांदत नाहीत. ‘व’ या अव्ययाने त्यांचे सहअस्तित्व सूचित होते. प्रयोगाने ते दाखविलेले नसते.

ग्रॅफीन, विवर्तन आणि पुंजविचार हे तिन्ही खरोखर एकत्र आले ते निराळ्याच ठिकाणी. व्हिएन्ना येथील संशोधकांनी २०१५ मध्ये ग्रॅफीनच्या एका थरात सूक्ष्म फटी कोरून जालक बनविले आणि त्यातून थॅलोसायनीनचे रेणू पाठविले. विवर्तन पावले ते रेणू, प्रकाश नव्हे. या प्रयोगाचा संबंध आइन्स्टाइन आणि बोर यांच्या १९२७ च्या सुप्रसिद्ध वादाशी पोहोचतो. कण फटीतून जाताना फटीला जो धक्का देतो तो मोजून कणाचा मार्ग कळू शकेल, असे आइन्स्टाइनचे म्हणणे होते. फट स्वतःही अनिश्चिततेच्या तत्त्वाने बांधलेली आहे, असे बोरचे उत्तर होते. एका अणूच्या जाडीचे जालक ही अशा फटीची जवळजवळ अखेरची कल्पनीय मर्यादा आहे. तरीही व्यतिकरणाचे पट्टे स्पष्ट राहिले. येथे ‘पुंजविवर्तन’ हे पद विग्रहाला पूर्णपणे टिकते.

५

राहिले ‘पुंज’ हे पद. लॅटिनमध्ये त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ ‘किती’ असा आहे. मराठीत ‘पुंज’ म्हणजे रास किंवा समूह; ‘तारकापुंज’, ‘तेजःपुंज’ हे प्रयोग सर्वांच्या ओळखीचे आहेत. जी ऊर्जा याहून लहान तुकड्यांत देताघेता येत नाही तिला राशीचे नाव मिळावे, हा एक गमतीचा विपर्यास होय. अनेक लेखक म्हणून ‘क्वांटम’ हाच शब्द ठेवतात. दोहोंपैकी कोणताही शब्द पत्करण्यास प्रत्यवाय नाही. ‘फोटॉन’ हा शब्द तरी निराळा कोठे आहे? १९२६ मध्ये गिल्बर्ट लुइसने तो ज्या अनिर्मेय व अविनाशी कणासाठी योजला तो कण शास्त्राने नाकारला आणि शब्द तेवढा उचलला. नामांच्या बाबतीत असे चालते.

परंतु ‘पुंजप्रकाशीय परिणाम’ यात ‘पुंज’ हे विशेषण आहे. त्याचा विग्रह ‘पुंजसिद्धांतावाचून ज्याची उपपत्ती लागत नाही असा प्रकाशीय परिणाम’ असाच व्हावयास हवा. अन्यथा त्या विशेषणाने काहीच वेगळे दाखविले जात नाही, कारण अंतिमतः सगळेच द्रव्य पुंजसिद्धांताने चालते. ही कसोटी लावली असता काय दिसते?

दहा मेगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या स्पंदकात सामान्य तापमानाला, म्हणजे ३०० केल्व्हिनला, सुमारे सहा लक्ष ऊर्जापुंज असतात. एवढ्या गर्दीत एका पुंजाचे अस्तित्व जाणवत नाही. निरपेक्ष शून्याच्या वर एक शतांश अंश इतक्या तापमानालाही त्यात सुमारे वीस पुंज उरतात. स्पंदकातून ऊर्जा काढून घेणारा प्रकाश आणि त्याला ऊर्जा देणारा प्रकाश यांच्या तीव्रतांचे गुणोत्तर, पुंजांची सरासरी संख्या ‘न’ असल्यास, ‘न’ ला ‘न अधिक एक’ असे असते. हा ‘एक’ म्हणजेच पुंजसिद्धांताची सही. न्यूनतम अवस्थेत स्पंदकापाशी देण्यासारखे काही उरत नाही, घेण्याची क्षमता मात्र उरते. बोल्डर येथे २०११ मध्ये ॲल्युमिनियमच्या पटलात ही संख्या ०.३४ पर्यंत आणि कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत त्याच वर्षी सिलिकॉनच्या तुळईत ०.८५ पर्यंत खाली आणली गेली. त्या संस्थेत २०१२ मध्ये वरील असमता प्रत्यक्ष मोजलीही गेली. तेथे ‘पुंज’ हे विशेषण कमावलेले आहे.

ग्रॅफीनच्या बाबतीत आल्टो येथील २०१४ च्या प्रयोगात २४ मेगाहर्ट्‌झचे स्पंदन ५० मिलिकेल्व्हिनपर्यंत निववून सुमारे ४० पुंजांपर्यंत पोहोचता आले. ४० ला ४१ या गुणोत्तरातील फरक अडीच टक्के भरतो. डेल्फ्टच्या प्रयोगात अनेकथरी ग्रॅफीन वापरून पटल व पोकळी यांच्या युग्मनाचे माप ८ पर्यंत नेले गेले आणि १७ डेसिबेल इतके विवर्धन मिळाले. तो निबंध हे माप पुंजक्षेत्राच्या दृष्टीने आशादायक असल्याचे सांगतो. पुंजक्षेत्र गाठल्याचे सांगत नाही. त्याच निबंधात पटलाच्या योगाने पोकळीचे शोषण व परावर्तन बदलल्याचे दाखविले आहे. ही घटना २०१० मध्ये काचेच्या सूक्ष्म वलयांत दाखविल्या गेलेल्या ‘प्रवर्तित पारदर्शकते’च्या जातीची आहे. तिचे मूळ नाव अणूंच्या पुंजप्रकाशिकीतून आले, म्हणून तिच्याभोवती पुंजाचे वलय राहते. वस्तुतः दोन मार्गांनी येणाऱ्या तरंगांचे व्यतिकरण एवढेच तिचे सार आहे. परस्परांना जोडलेल्या दोन साध्या आंदोलकांतही तिचे प्रतिरूप दिसते, असे २००२ मध्ये एका अध्यापनविषयक निबंधात दाखवून दिलेले आहे. ‘सूक्ष्मतरंग फोटॉनांचे शोषण’ असा उल्लेख तेथे आला तरी एकेक फोटॉन मोजला गेला, असे त्यावरून ठरत नाही. येथे ‘फोटॉन’ हे ऊर्जेचे परिमाण सांगण्याचे साधन आहे.

६

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, संशोधकांना हे सर्व ठाऊक असते, मग विग्रहाचा हा खटाटोप कोणासाठी? आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य आहे. वर उल्लेखिलेले निबंधकार आपल्या मापनाबाबत काटेकोर आहेत. ‘आशादायक’ म्हणावयाचे तेथे त्यांनी ‘सिद्ध’ म्हटलेले नाही. ऱ्हास होतो तो नंतर, म्हणजे निबंधाचे शीर्षक होताना, शीर्षकाची प्रस्तावना होताना, आणि प्रस्तावनेचे मराठी होताना. क्रियापद गळते आणि समास उरतो. क्रियापदासमवेत काळ आणि अर्थ हेही गळतात. ‘झाले’, ‘होत आहे’ आणि ‘होऊ शकेल’ यांतील भेद समासात मावत नाही. जी भाषा आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ यांच्या इतक्या छटा बाळगते तिने त्या शास्त्रीय गद्यात सोडून द्याव्यात, हे तिच्या दारिद्र्याचे लक्षण नव्हे. लिहिणाऱ्याच्या आळसाचे आहे.

दुसरा आक्षेप असा की, या कसोटीने विषयाचे आकर्षण कमी होईल. तसे मानण्याचे कारण नाही. अणूच्या जाडीच्या पटलावर प्रकाश पडतो, त्याचा चाळिसावा-पन्नासावा भाग शोषला जातो, आणि तो अंश एका मूलभूत स्थिरांकाने ठरतो, ही गोष्ट कोणत्याही विशेषणावाचून विस्मयकारक आहे. ४० पुंजांपासून शून्याकडे जाण्याची वाट अवघड का, हे ज्याला कळले त्यालाच त्या वाटेवरचे पुढचे पाऊल मोजता येईल. सुरुवातीलाच ‘पुंजपरिणाम’ गाठले असे ज्याने वाचले, त्याला पुढील संशोधनात नवे काय घडले हे समजण्याचे साधनच उरत नाही.

मराठी परिभाषेच्या दृष्टीने यातून निघणारा नियम साधा आहे. ‘ग्रॅफीन’, ‘फोटॉन’, ‘पुंज’, ‘विवर्तन’ ही नामे रूढ मानून निःशंकपणे वापरावीत. त्यांच्या व्युत्पत्तीतून शास्त्र काढू नये आणि त्या सदोष वाटल्या म्हणून दर दहा वर्षांनी त्या बदलूही नयेत. परंतु नाम जेव्हा विशेषण होऊन दुसऱ्या नामापुढे बसते तेव्हा त्याला यौगिक मानावे आणि त्याचा विग्रह मागावा. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या शीर्षकातील प्रत्येक समास एकदा पूर्ण वाक्यात, कर्ता, कर्म आणि क्रियापद यांसह लिहून पाहावा. ज्या समासाचे वाक्य ‘झाले’ या क्रियापदाने पुरे होते तो शीर्षकात ठेवावा. ज्याचे वाक्य ‘व्हावे’ या क्रियापदावाचून पुरे होत नाही, त्याचे स्थान प्रबंधाच्या अखेरच्या प्रकरणात आहे.